आरशातली पिवळी दोरी

४ जानेवारी

ताई,

शूटिंग संपलं. हे एक वाक्य लिहायला मिळावं म्हणून दोन वर्षं तडफडलो, आणि आता लिहिलं तर काहीच वाटत नाही.

शेवटच्या दिवशी सेटवर अपघात झाला. आमचे लाइटमन, ज्यांना सगळं युनिट मामा म्हणतं, ते परांचीवरून पडले. शूटिंगची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खिडकीतून ऊन आत यायला हवं म्हणून बाहेर लोखंडी परांची उभारली होती आणि तिच्या फळीवर मामा दिवा घेऊन उभे होते. वर चढताना कमरेला पट्टा बांधतात आणि त्या पट्ट्याची दोरी वरच्या कडीत अडकवतात. ते विसरले. माणूसच आहे, होतं असं कधी कधी.

काही दिवस इथे उपचार झाले, मग घरच्यांनी त्यांना त्यांच्या गावी हलवलं. म्हणजे तुझ्या गावी, तुझ्याच हॉस्पिटलात. तू तिथे मोडलेल्या माणसांना चालायला शिकवतेस, त्यामुळे आज ना उद्या ते तुझ्या हाताखाली येतीलच. त्याआधीच एकदा जाऊन बघशील का? कसे आहेत, काय म्हणतात, एवढंच कळव. मी विचारलंय हे मात्र सांगू नकोस. उगाच त्यांना अवघडल्यासारखं होईल.

सिनेमा चांगला झालाय ग. तुला गोष्ट माहीतच आहे: स्वतःच्या हलगर्जीपणामुळे मुलगा गमावलेला बाप, वर्षानुवर्षं गप्प राहिलेला, आणि शेवटी मुलाच्या खोलीत उभं राहून बायकोला खरं काय ते सांगतो. तो शेवटचा शॉट असा मिळालाय की बघणाऱ्याच्या अंगावर काटा येईल. फोन का केला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू मध्येमध्ये बोलतेस आणि माझं सांगायचं राहून जातं.

टिल्लू


१२ जानेवारी

टिल्लू,

पत्र! मला वाटलं कुणी गेलं की काय. मी मध्येमध्ये बोलते म्हणून फोन केला नाहीस, हे कारण तुझ्या भाच्याला सांग, तो कदाचित विश्वास ठेवेल. तुला खोटं बोलायचं असलं की तुझा आवाज चोरासारखा होतो हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून पाकीट बघूनच मी ओळखलं, काहीतरी लपवतोयस.

तुझे मामा भेटले. दोन मणके आणि कमरेचं हाड. एक ऑपरेशन झालंय. उजवा पाय हलतो, डाव्याला मी टाचणी टोचली तरी त्यांना कळत नाही. हे तुला गोड करून सांगण्यात अर्थ नाही. तू विचारलंयस हे सांगू नकोस म्हणालास, मी आत पाऊल टाकताच सांगून टाकलं. माणूस एवढा खूश झाला म्हणून सांगू! पहिला प्रश्न काय, तर ‘साहेब वेळेवर जेवतात ना?’ म्हटलं, लहानपणी मी भरवत होते, आता कोण भरवतं ते मला माहीत नाही.

त्यांच्या बायकोला मी मामी म्हणायला लागलेय. तोंडाचा पट्टा सतत चालू असतो त्यांचा, पण नवऱ्याच्या पाठीखालची चादर एक सुरकुती न पडता बदलतात. त्या दिवसभर एकच पालुपद लावतात. ‘घरात मी स्टुलावर चढले तर हा माणूस खालून स्टूल धरून उभा राहतो. मला म्हणतो, तुझा भरवसा नाही. आणि स्वतः? स्वतः पट्टा विसरला! एवढी वर्षं चढतोय आणि पट्टा विसरला!’ मामा ऐकतात आणि भिंतीकडे तोंड करून घेतात.

मलाही तेच विचारायचंय. विसरले?

तुझी ताई


२० जानेवारी

ताई,

तुझ्या प्रश्नाचा रोख मला कळला नाही. त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलंय, लिहूनही दिलंय. मग मला विचारण्यात काय हशील? दमलेला माणूस विसरतो. सगळेच दमलो होतो.

मी सध्या एडिटिंगच्या खोलीत असतो. ही खोली म्हणजे एक खिडकी नसलेलं कपाट आहे, त्यात मी, एडिटर आणि एक पंखा. शेवटचा शॉट आम्ही पुन्हा पुन्हा बघतो. बाप उभा आहे, ऊन त्याच्या छातीवरून वर सरकत चाललंय, तो बोलायला तोंड उघडतो, आणि एकदम त्याचा चेहरा फाटल्यासारखा होतो. एवढ्या मोठ्या नटाला असं काही मी कधी करताना बघितलं नव्हतं. आणि फ्रेम इतकी स्वच्छ! आरशात एक रेघसुद्धा दिसत नाही. एडिटर म्हणाला, हे अभिनय करून येत नाही. मी त्याला शॉट पुन्हा लावायला सांगितला.

एका मोठ्या महोत्सवाने सिनेमा मागवलाय. निर्माता आनंदाने वेडा व्हायचा बाकी आहे. मी ठरवलंय, सुरुवातीला पडद्यावर मामांचं नाव टाकायचं. सिनेमा त्यांना अर्पण करायचा. त्यांना हे सांग. बरं वाटेल त्यांना.

टिल्लू


२७ जानेवारी

टिल्लू,

आरशात कसली रेघ दिसायला हवी होती रे?

मी दिग्दर्शक नाही, पण एवढी बावळट पण नाही. दिवा खिडकीबाहेर, मामा खिडकीबाहेर, पट्ट्याची दोरी त्यांच्या कमरेपासून वर कडीपर्यंत. खोलीत आरसा. तुझं पत्र वाचून मी स्वयंपाक तसाच टाकून बसले. नवरा म्हणाला, काय झालं? म्हटलं, काही नाही, टिल्लूचं पत्र आहे. तो म्हणाला, मग चेहरा असा का?

दुसऱ्या दिवशी व्यायाम घेताना मामांना सरळ विचारलं, ‘दोरी कुठल्या रंगाची होती?’ त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘पिवळी. बाई, पाय जरा जोरात ओढा, आज मला त्रास होत नाहीये.’ घामाने उशी भिजली होती त्यांची. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, ‘साहेबांचा पहिला सिनेमा आहे. बुडायला नको.’ बस, एवढंच.

आता नीट वाच. मामांच्या मणक्यात एक नस दबलीय. ती मोकळी करण्याचं ऑपरेशन आमच्याकडे होत नाही, मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागेल. जितका उशीर होईल तितकी डाव्या पायाची आशा कमी. हा सगळा भार त्यांची कामगार संघटना उचलते, पण तिचा नियम आहे: स्वतःच्या निष्काळजीपणाने पडला तर काही मिळणार नाही. मामांनी लिहून दिलंय की मीच विसरलो. म्हणजे त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःचा पाय तोडून तुझ्या सिनेमाला दिलाय. १० फेब्रुवारीला संघटनेची समिती बसणार आहे, इथेच, आमच्या हॉस्पिटलच्या सभागृहात. मामी शेवटचा अर्ज करणार आहेत.

तुझ्या अर्पणपत्रिकेचं मी त्यांना सांगितलेलं नाही. मला लाज वाटली.

खरं काय ते लिही.

ताई


१ फेब्रुवारी

ताई,

लिहितो.

सकाळपासून टेक फसत होते. ऊन बापाच्या छातीवरून चेहऱ्यापर्यंत चढायला हवं होतं, आणि त्यासाठी मामांना जड दिवा छातीशी धरून फळीवरून पावलापावलाने सरकावं लागत होतं. यंत्राने ते जमत नाही, उजेड मेल्यासारखा सरकतो. मामांच्या हातात तो श्वास घेत सरकायचा. नट जेव्हा जेव्हा रंगात यायचा तेव्हा तेव्हा कपाटाच्या आरशात ती पिवळी दोरी दिसायची. आरसा काढता येत नव्हता, आधीच्या सगळ्या शॉटमध्ये तो होता. दुसरी दोरी नव्हती. खोली त्या संध्याकाळी सोडायची होती.

मी खिडकीतून ओरडलो, ‘मामा, दोरी दिसतेय.’

‘मागे घेतो.’

‘तरी दिसतेय. मामा, एका टेकपुरता काढा ना पट्टा.’

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पट्टा सोडला. सगळ्या युनिटने ऐकलं. कॅमेरामनने ऐकलं, नटाने ऐकलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. आज विचारलंस तर कुणाला काही आठवणार नाही. सगळ्यांची दोन वर्षं त्या सिनेमात आहेत.

आणि हे कुणालाच माहीत नाही. खालून धप्प असा आवाज आला, नटाने मान वळवली, त्याच्या चेहऱ्यावर ते आलं जे मी दोन वर्षं त्याच्याकडे मागत होतो, आणि मी ‘कट’ म्हटलं नाही. ताई, मला कळलं होतं मामा पडलेत. मला कळलं होतं आणि मी कॅमेऱ्याच्या मॉनिटरकडे बघत राहिलो. किती वेळ, ते मला विचारू नकोस.

त्या रात्री मी स्वतःची समजूत घातली की माझा सिनेमा हीच माझी कबुली आहे. तो बाप म्हणजे मीच. लाखो लोकांसमोर कबूल करतोय, मग एका समितीसमोर करण्याची काय गरज? मूर्खासारखं वाटतं ना वाचताना? मी त्यावर इतके दिवस जगलो. निर्मात्याने स्पष्ट सांगितलंय, हे बाहेर आलं तर सिनेमा डब्यात जाईल.

मी १० तारखेला येतो. मामींना सांग, मी येतो. समितीसमोर सगळं बोलतो.

टिल्लू


११ फेब्रुवारी

तू आला नाहीस.

मामांनी दाढी करून घेतली होती. मामींनी त्यांना इस्त्रीचा सदरा घातला, व्हीलचेअरवर बसवलं, आणि मी त्यांना ढकलत सभागृहात नेलं. त्यांना बसायची अजून परवानगी नाही, डॉक्टरांशी भांडून मी ती मिळवली होती. दारावर कुणी आलं की ते मान वळवायचे. मान वळवली की पाठीतून कळ जायची, ती मला त्यांच्या बोटांत दिसत होती. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, कुणी साक्षीदार आहे का? मामी म्हणाल्या, येतायत. पुन्हा विचारलं. मामी म्हणाल्या, निघालेत तिकडून. मामा म्हणाले, ‘साहेब रस्त्यात अडकले असतील. फार काम असतं त्यांना.’

मी उठून बोलले. मला माझ्या भावाने लिहिलंय, म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, ऐकीव गोष्टीवर आम्ही काही करू शकत नाही, त्यांना स्वतःला येऊ द्या. महिनाअखेरीला, २४ तारखेला, ते पुन्हा बसतील, केवळ माझ्या डोळ्यांत पाणी बघून. त्याआधी काही होणार नाही आणि ती दबलेली नस कुणाची वाट बघत थांबत नाही.

परतताना मामींनी एक शब्द काढला नाही. त्या बाईचं तोंड बंद झालेलं मी पहिल्यांदा बघितलं. टिल्लू, तुला मी बोट धरून शाळेत नेलंय. तू वर्गात पेन्सिल चोरलीस तेव्हा तुझ्याबरोबर बाईंसमोर मी उभी राहिले. काल मला कुणी विचारलं असतं, हा तुझा कोण, तर मी सांगितलं नसतं.


१५ फेब्रुवारी

ताई,

मी आलो होतो.

हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत आलो. व्हरांड्यात मामी व्हीलचेअरसमोर वाकून मामांचे केस विंचरत होत्या. त्या काहीतरी बोलल्या आणि मामा हसले. मला वाटलं होतं मी एका मोडलेल्या माणसाला भेटायला निघालोय. तो हसत होता. मी तिथूनच मागे फिरलो. फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा सांगितला, तो प्यायलोही नाही, आणि स्टॅंडवर जाऊन परतीच्या गाडीत बसलो. यापलीकडे माझ्याकडे काही कारण नाही. भ्यालो, बस.

घरी न जाता सरळ एडिटिंगच्या खोलीत गेलो. तो शॉट लावला. नटाचा चेहरा फाटतो तिथे या वेळी मला त्याचा चेहरा दिसलाच नाही, मला फक्त तो आवाज ऐकू आला. आणि डोक्यात आलं की उद्या अंधाऱ्या थिएटरात लोक यावर टाळ्या वाजवतील. मामांच्या पडण्यावर. तेव्हाच ठरवलं. कॅमेऱ्याचं मूळ कार्ड, दोन्ही हार्डडिस्क, एडिटरच्या मशीनवरची कॉपी, सगळीकडून तो शॉट पुसला. नुसता पुसला नाही, वर दुसरं भरून पुसला, म्हणजे कुणालाही परत काढता येणार नाही. एडिटर माझा हात धरत होता, वेडा झालास का म्हणून ओरडत होता. मी त्याला ढकललं. आता तो शॉट जगात नाही.

मग निर्मात्याला फोन करून सगळं सांगितलं. शेवट नसलेला सिनेमा घेऊन तो काय करणार? त्याने मला जे म्हटलं ते तुला लिहिता येणार नाही. महोत्सव गेला, सिनेमा गेला. संघटनेलाही लिहून पाठवलंय, २४ तारखेला हजर राहतो म्हणून. या वेळी फाटकात थांबणार नाही, हवं तर तू मला कानाला धरून आत ने.

ताई, तुला खरं सांगू? डिस्क रिकामी झाली तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं. मामांसाठी मी एवढं तरी केलं. त्यांना सांग.

टिल्लू


६ मार्च

टिल्लू,

तू २४ ला आलास, बोललास. ‘कट म्हटलं नाही’ हेसुद्धा सांगितलंस, जे सांगायची गरज नव्हती. मागच्या बाकावर बसून मी रडले. मग बघते तर तू गायब. समितीसमोर सगळं बोलायची छाती झाली, आणि वरच्या मजल्यावर जाऊन त्या माणसाच्या खाटेजवळ उभं राहायची नाही. त्या दिवशी मामांना ताप होता म्हणून खाली आणलं नव्हतं. ते वाट बघत होते.

असो. संघटनेने भार उचलला. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, काल त्यांना परत आणलं. सर्जन म्हणाले, आधी झालं असतं तर. पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही आणि मीही तुझ्यासाठी करणार नाही. कुबडी घेऊन उभे राहतील. चार पावलं टाकतील. परांचीवर पुन्हा कधी चढणार नाहीत.

तो शॉट तू पुसलास हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. सांग म्हणाला होतास, पण ऑपरेशनच्या गडबडीत राहिलं. सिनेमा थांबलाय, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आज सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, ‘बाई, साहेबांना पत्र लिहायचंय. माझं अक्षर गिचमिड आहे, तुम्ही घ्या लिहून.’ घेतलं. जसं बोलले तसं खाली उतरवतेय.

‘साहेब, तुम्ही खरं सांगितलंत, बरं केलंत. बायको आता मला ओरडायची बंद झालीये, त्यामुळे खोली शांत आहे, जरा चुकल्यासारखं वाटतं. पण तुम्ही निम्मंच सांगितलंत. बाकीचं तुम्हाला माहीत नाही.

तुम्ही पट्टा काढा म्हणालात, हे खरं. पण मला असं पहिल्यांदा कुणी म्हणालं का? तुमच्यापेक्षा मोठमोठे साहेब म्हणाले आणि मी त्यांच्या तोंडावर नाही म्हटलंय. एकदा तर दिवा ठेवून घरी निघून आलो. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरांना विचारा, पट्टा सुटलेला दिसला की मी कानाखाली वाजवायचो. त्या दिवशी दोरी आरशात दिसतेय हे तुमच्या आधी मला दिसलं होतं. मला वरून आरसा दिसत होता. तुम्ही बोलायच्या आधीपासून माझा हात पट्ट्याच्या खटक्यावर होता. उजेड असा कधीच लागला नव्हता मला, जन्मात नाही. मलापण तो शॉट हवा होता. तुम्ही म्हणालात आणि मला निमित्त मिळालं.

म्हणून मीच विसरलो असं लिहून दिलं, ते काही तुमच्यासाठी नव्हतं सगळं. थोडं माझ्यासाठीपण होतं. तुमच्या वाटणीची चूक तुम्ही घ्या, ती तुमची आहे. माझ्या वाटणीची माझ्याकडे राहू द्या. सगळी उचलून नेऊ नका.

आता चढणं संपलं. डॉक्टरांनी सांगितलं, मी ऐकलं. सिनेमा थांबला तर थांबला, लोकांनी बघावा असं माझं काही म्हणणं नाही. पण एकच मागतो. तो शॉट मला दाखवा. दिवा माझ्या हातात होता साहेब, पण फळीवरून मला खोलीतला बाप दिसत नव्हता, नुसती त्याची सावली दिसत होती. मी पडलो तेव्हा उजेड त्याच्या छातीपर्यंत आला होता की चेहऱ्यावर पोचला होता, ते मला माहीत नाही. रोज पडल्यापडल्या तेच डोक्यात येतं. पोचला असला तर माझं समाधान होईल. माझा शेवटचा दिवा आहे तो. तुमच्या फोनवर असला तरी चालेल, लहान दिसला तरी चालेल. घेऊन या.’

इथपर्यंत आल्यावर माझा हात थांबला. मामा म्हणाले, ‘काय झालं बाई, शब्द अडला का?’ मी म्हटलं, नाही, पेन चालत नाहीये. त्यांनी मामींकडून दुसरं पेन मागवलं.

टिल्लू, तू हलका झालास त्या दिवशी. काय पुसलंस ते तुला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. तुझं पत्र वाचून, खोटं कशाला बोलू, मलाही बरंच वाटलं होतं. पण त्यांना हे मी सांगणार नाही. सांगू शकत नाही असं नाही, सांगणार नाही. उजेड पोचला होता का, एवढं तरी तुझ्या डोळ्यांनी तू बघितलंयस. ते त्यांच्यासमोर बसून तूच सांग, आणि उरलेलंही तूच सांग. मग ते काय म्हणतील ते ऐक. ते काहीच बोलले नाहीत तर तेही बसून ऐक.

मामींनी आज मामांच्या चष्म्याची काडी दुरुस्त करून आणली. मामांनी तो सदऱ्याच्या टोकाने दोनदा पुसला आणि उशीखाली ठेवला, साहेब आले की हाताशी असावा म्हणून.

पत्र पाठवू नकोस. ये.

ताई